शेठच्या शेजारची जागा

सकाळी सातला संग्रामशेठ बिल्डिंगमधून खाली उतरायचे आणि वाट बघत उभ्या असलेल्या तिघांपैकी एकाला म्हणायचे, "चला." तो शेठच्या शेजारी गाडीत बसायचा. उरलेले दोघे कंपनीच्या व्हॅनमधून मागून यायचे. शारजाहून दुबईच्या ऑफिसपर्यंत ट्रॅफिकमध्ये तास जायचा, आणि तेवढा तास शेठ त्या एकाचे असायचे.

सलग चार दिवस शैलेंद्र बसला, तसा आत्मारामचा जळफळाट सुरू झाला. शैलेंद्रच्या डब्यात त्याच्या बायकोच्या, हेमाच्या हातचं थालीपीठ असायचं. हल्ली तेही त्याला बघवत नसे.

पूर्वी असं नव्हतं. जहाजांना भाजीपाला आणि किराणा पुरवायचा शेठचा धंदा. खोर फक्कानचं बंदर आत्मारामकडे, फुजैरा शैलेंद्रकडे, अजमान सुजीतकडे. तिघे आपापल्या जागी राजे. खोर फक्कानला येणारे कॅप्टन शेठना ओळखत नव्हते, आत्मारामला ओळखायचे. सत्त्याण्णवमध्ये त्याची बायको कुमुद गेली, तेव्हा शेठ स्वतः घरी आले. म्हणाले, "पोरीला घेऊन एकटे इथं काय करणार? शारजाला या. माझ्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट देतो, जनरल मॅनेजर करतो." आत्माराम त्यांच्यासमोर रडला होता. वर्षभरात बाकीचे दोघेही आले आणि तेही जनरल मॅनेजर झाले. बंदरांवर नवी माणसं बसली. ती प्रत्येक गोष्ट शेठना विचारून करत.

पाचव्या दिवशीही शेठ शैलेंद्रलाच "चला" म्हणाले.

"यल्ला, निघा आत्मारामभाऊ," गाडीचं दार उघडता उघडता शैलेंद्र म्हणाला, "व्हॅनमध्ये खिडकीशी बसा हं. एसी खलास आहे."

"तुम्ही सीट गरम करून ठेवा. उद्या मला लागेल."

व्हॅनमध्ये सुजीतने सांगितलं, "फुजैराचे सगळे कॅप्टन, त्यांचे नंबर, लिहून दिले त्याने शेठना. उगाच नाही लाड चाललेत."

तशी वही आत्मारामकडेही होती, कुमुदच्या अक्षरातली. कुठल्या कॅप्टनला तिखट चालत नाही, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाला लिंबाचं लोणचं पाठवायचं. या वहीवर आपला स्वतःचा धंदा उभा राहील, असं कुमुद म्हणायची.

संध्याकाळी आभा नववीचा इतिहास वाचत बसली होती.

"बाबा, लिसन ना. फ्रान्सच्या किंगने सगळे सरदार स्वतःच्या पॅलेसमध्ये राहायला आणले. दे वेअर फायटिंग, सकाळी किंगला शर्ट कोण देणार म्हणून!"

"मग?"

"मग काय? गावाकडे कुणी त्यांचं ऐकेना. किंगला तेच हवं होतं. बाबा, धिस इज युवर ऑफिस!" ती खूप हसली. मग पुस्तक मिटून म्हणाली, "कॅन वी गो बॅक? खोर फक्कानला, आईच्या घरी?"

"बघू. इन्शाल्ला."

दुसऱ्या दिवशी त्याने वही शेठना दिली.

नऊ दिवस तो गाडीत बसला. शेठ पानं उलटत म्हणाले, "वहिनींनी काय बारीक बारीक लिहून ठेवलंय!" आत्मारामला ते ऐकून बरं वाटलं. त्याहून बरं मागे वळून व्हॅनमधला शैलेंद्र बघताना वाटलं.

दहाव्या दिवशी शेठ म्हणाले, "सुजीत, चला."

त्याच दुपारी त्यांनी आत्मारामला केबिनमध्ये बोलावलं. "खोर फक्कानचा माणूस सोडून चाललाय. तुम्ही जाता का परत? तुमचंच बंदर आहे. घरही रिकामं आहे, तुमचं जुनंच."

आत्मारामच्या डोळ्यांसमोर आभा आली. हो म्हणायला त्याने तोंड उघडलं. काचेपलीकडे शैलेंद्र टेबलावर बसून कुणाशी तरी हसत बोलत होता.

"मग इथं... सकाळी गाडीत?"

"गाडीत काय? असेल शैलेंद्र, नाहीतर सुजीत."

"मी इथं बरा आहे, शेठ."

शेठना त्याचं नवल वाटलं नाही. "मलाही तुम्ही जवळ हवेतच," असं म्हणून त्यांनी फोन उचलला आणि खोर फक्कानला दुसराच माणूस नेमला.

आभाला त्याने यातलं काही सांगितलं नाही. सकाळी ती झोपेत असतानाच, साडेसहाला, तो खाली गेला. शैलेंद्र आधीच येऊन उभा होता.