राजाबाईंच्या डब्यातली वडी

मी चॉकलेटची वडी बोलतेय. सारसोळे गावात राहणाऱ्या राजाबाईंच्या पितळी पानडब्यात मी एकटीच उरले आहे. माझ्या कागदावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'राजाबाईची वडी. कॅफिन काढलेली.' अक्षर वळणदार आहे. मजकूर खोटा आहे.

माझा जन्म केरळातला. कोकोच्या पिवळ्या फळाच्या गरात मी बी होऊन वाढले. मग मला आंबवलं, वाळवलं, भाजलं आणि तुकडे करून पिशवीत भरलं. वाशीच्या बाजारातून मला अबोलीनं आणलं. ती राजाबाईंची नात, नववीत शिकते. विज्ञान प्रदर्शनासाठी तिला प्रयोग हवा होता, पण खरं कारण आजी होती.

राजाबाईंनी चाळीस वर्षं मासळी विकली. आता त्यांच्या छातीत मधूनच फडफड होते. कॅफिन नको म्हणून डॉक्टरांनी चहा, कॉफी आणि चॉकलेटही बंद केलं. चहाचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण रोज संध्याकाळी त्या नि अबोली एक चॉकलेट अर्धं-अर्धं खात. आता त्या अख्खं अबोलीला देत आणि रिकामा कागद नाकाशी धरून बसत. अबोलीला ते बघवेना.

पुस्तकात कॅफिन काढायची मोठमोठी यंत्रं होती. ती घरात कुठून येणार? तेव्हा आजीच म्हणाली, "खारवलेला मासा आपन भिजत घालतो ना? मीठ पान्यात उतरतं, पानी वतून द्यायचं. तसंच कर."

अबोलीनं मला तीन वेळा गरम पाण्यात भिजवलं. पाणी गडद तपकिरी झालं. कॅफिनबरोबर माझा वास, माझा कडवटपणा, सगळं त्यात उतरलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्या म्हातारीसाठी रिकामं व्हायला मी तयार होते. पाणी एका बाटलीत भरून ठेवलं, प्रदर्शनात दाखवायला.

मग मला वाळवून, दळून, साखर घालून वड्या पाडल्या. अबोलीची मैत्रीण सई हिनं एक तोंडात टाकली आणि लगेच पाणी मागितलं.

"ओला पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतंय यार. परीक्षकांना हे देणार तू?"

सई गेल्यावर अबोलीनं स्वतः एक वडी चाखली. मग तिनं बाटलीतलं पाणी कढईत ओतलं आणि काकवीसारखं दाट होईपर्यंत आटवलं. आम्हाला वितळवून ते आमच्यात कालवलं. रिकाम्या बाटलीत त्या पाण्याच्या जागी कोरा चहा भरला. खरं सांगते, माझा वास परत आला तेव्हा क्षणभर मला आनंदच झाला. मग तिनं ती चिठ्ठी चिकटवली आणि मला कळलं, आपला वापर कशासाठी होतोय.

प्रयोगाला दुसरं बक्षीस मिळालं. आजीसाठी नुसत्या धुतलेल्या कोकोच्या वड्या पुन्हा वेगळ्या करायच्या, असं अबोली वाटेत स्वतःशी पुटपुटत होती. पण घरी शेजारच्या बायका जमल्या होत्या. राजाबाईंनी अक्षरं जुळवत चिठ्ठी वाचली. आपलं नाव दोनदा वाचलं. मग आमच्यातली एक हातात घेऊन त्यांनी नातीकडे पाहिलं.

"खाऊ ना गं?"

सगळ्या बायका अबोलीकडे बघत होत्या. तिच्या हातात प्रमाणपत्र होतं.

"खा ना, आजी," अबोली म्हणाली.

राजाबाईंनी चार खाल्ल्या, डोळे मिटून. बाकीच्या बायकांना वाटल्या. मला तेवढं पानडब्यात जपून ठेवलं.

तासाभरात छातीत फडफड सुरू झाली. रिक्षानं दवाखान्यात नेलं. कनवटीला डबा, डब्यात मी. चहा-कॉफी काही घेतलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"काय नाय. नातीची वडी खाल्ली, पन तिच्यातलं सगलं काढलेलं हाय. बक्षीस मिलालंय तिला."

अबोली पलंगाच्या पायथ्याशीच उभी होती. डॉक्टर म्हणाले, मग वयामुळेच वाढलंय. त्यांनी गोळी वाढवून दिली.

आज राजाबाई घरी आल्या आहेत. वाढलेल्या गोळीनं त्यांना उठताना गरगरतं. मघाशी शेजारची रखमा त्यांची विचारपूस करायला आली होती. तिला डबा उघडून मला दाखवत त्या म्हणाल्या, "एक ठेवलीय. सकाली खाईन. पोरीनं माज्यापायी किती खटपट केली." अबोली दारातच होती. ती आत आली नाही.

अबोली, मी तुझ्यावर विश्वास ठेवून रिकामी झाले होते. मला पुन्हा भरलंस ते एक वेळ मी सोसलं असतं. पण माझ्यावर नाव तिचं का लिहिलंस?

सकाळी हा डबा उघडेल. त्याआधी ये. आजीसमोर बस, ही चिठ्ठी काढून टाक आणि तिला सगळं सांग. मला चोरून मात्र उचलू नकोस. कारण डबा रिकामा दिसला, तर तिला वाटेल नातीनंच वडी खाल्ली, आणि ती हसेल. ते हसणं तुला बघवेल का?