निघालेला माणूस

आमच्या किनाऱ्यावर एखाद्याच्या घरी पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला, की गाव त्या माणसाला विमानात बसवून मोकळं होतं. अल्तमशभाईंचं तसंच झालं.

मी आगरदांड्याच्या जेट्टीवर फेरीबोटीच्या तिकीट खिडकीत बसते. अल्तमशभाई माझ्याही आधीपासून तिथे. बोटीवर गाड्या चढवणं, भरती-ओहोटी बघून फेऱ्या लावणं, सगळं त्यांच्या अंगावर. सुपरवायझर शिवदासकाका होळीनंतर निवृत्त होणार होते आणि ती जागा भाईंना हवी होती. हवी म्हणजे अगदी जीव तोडून. त्यांचे अब्बा जन्मभर कुवेतला. पोराच्या वाट्याला आले ते दर दोन वर्षांनी, पाहुण्यासारखे. "माझी यशरा बापाला फोनवर बघून मोठी न्हाय व्हायची," असं भाई म्हणायचे.

पासपोर्ट काढला होता तो अम्मीला मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला न्यायला. त्यांच्या अम्मी, आमच्या जहुराचाची, मुलाशिवाय जायला तयार नव्हत्या. इतकी साधी गोष्ट! पण ऑफिसात नवा आलेला कुलदीप म्हणाला, "भाई निघाले," आणि पराचा कावळा व्हायला कितीसा वेळ लागतो? चहा संपायच्या आत भाई कतारच्या बंदरावर कामाला लागले. दुपारपर्यंत त्यांना कंपनीची खोलीही मिळाली.

"मी कुठं न्हाय जात रे बाबांनो!" भाई कानीकपाळी ओरडले आणि तिथेच फसले. आमच्याकडे व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत कुणीच कबूल करत नाही, नजर लागते म्हणतात. जाणारा प्रत्येक जण विमानतळ गाठेपर्यंत "न्हाय, न्हाय"च करत असतो. म्हणून भाई जितकं नाही म्हणाले, तितकी लोकांची खात्री वाढली. कुणाच्या मनात पाप नव्हतं, याचीच मला जास्त चीड येते. पाठीवर थापा मारून मारून त्यांनी त्या माणसाला जेट्टीवरून ढकललं.

उमऱ्याहून भाईंनी खजूर आणले. ते चघळत चघळतच कुजबुज झाली, "इंटरव्ह्यू देऊन आला वाटतं."

मग आमचे मालक अल्पेशशेठ अलिबागहून आले आणि सुपरवायझरची जागा कुलदीपला देऊन गेले. मी तोंडावर सांगितलं, "शेठ, भाई कुठेही जात नाहीयेत." शेठ हसले. "अरे सोनलबेन, चांगल्यासाठी जातोय ना तो? जाऊ दे. फक्त जायच्या आधी कुलदीपला सगळं शिकव म्हणावं."

भाईंनी शिकवलंसुद्धा. ओहोटीला गाडी कशी चढवायची, जड ट्रक बोटीत कुठे उभा करायचा. मी चिडून म्हटलं, "कशाला शिकवता?" तर म्हणाले, "बोटीत माणसं असतात, सोनल."

पावसाळ्यात आमची बोट बंद असते. पाऊस ओसरला की शेठचा माणूस एकेकाला फोन करून कामावर बोलावतो. भाईंना फोन आला नाही. निघालेल्या माणसाला कोण बोलावणार? ते दिघीला काम मागून आले, तळा गावच्या एका दुकानातही विचारून आले. सगळीकडे एकच उत्तर, "चार दिवसांसाठी कशाला येतोस? तू तर चाललास ना?" शेवटी त्यांनी हात टेकले आणि खरोखरच मुंबईच्या एजंटाकडे गेले. मेडिकलमध्ये छातीच्या फोटोत जुना डाग निघाला. अनफिट.

परवा रिक्षा स्टँडवर भाई यशराचा हात धरून उभे होते. मी बोलायला थांबले, तेवढ्यात पलीकडच्या मोहल्ल्यातले नझीरचाचा आले.

"अरे अल्तमश! कवा आलास? किती सुट्टी हाय?"

मी तोंड उघडणार होते. भाईंनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. नुसते दमले होते.

"हाय महिनाभर, चाचा."

"माशाल्ला! जाशील तवा आमच्या हुझैफाचा बायोडाटा घेऊन जा. तुझ्या कंपनीत लाव त्याला."

"बघतो."

चाचा दुवा देत निघून गेले. यशरा बापाकडे बघत होती. "अब्बा, तुम्ही जाणार?" तिने विचारलं. पुन्हा विचारलं. भाईंच्या तोंडून काही केल्या 'न्हाय' निघेना.