चित्र अडकतंय

वर्षाराणीनं फोन डाव्या तळहातावर दोनदा आपटला, पदरानं पुसला आणि पुन्हा शिलाई मशीनला टेकवून उभा केला. पडद्यावर मोहिनीचा हात कपाळापाशी थांबला होता, तो तिथंच होता. वर्षाराणीनं दोन बोटं एकमेकांत गुंतवून ओढल्यासारखी केली. अडकलंय. मग सगळं चित्र चौकोनाचौकोनांत फुटलं आणि पुन्हा जुळलं, तेव्हा मोहिनीचा हात खाली गेलेला होता. ती काय म्हणाली ते मधल्या मध्ये गेलं होतं.

विजयसिंह जेवता जेवता हे बघत होता. सकाळचं दूध घेऊन झालं की डेअरीच्या संकलन केंद्राला कुलूप लावून तो दुपारी घरी यायचा आणि संध्याकाळच्या दुधाला पाच वाजता परत जायचा. त्यामुळं सव्वादोनचा हा व्हिडिओ कॉल रोजच त्याच्या डोळ्यांसमोर व्हायचा.

वर्षाराणी जन्मापासून बहिरी. मोहिनीही तशीच. बारामतीच्या मूकबधिर शाळेत दोघी नऊ वर्षं एका बाकावर होत्या, वसतिगृहात एका खोलीत. पुढं वर्षाराणी पणदऱ्यात दिली आणि मोहिनी इंदापूर तालुक्यात, बावड्याला. दोन्ही गावांत हातांनी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. अकरा वर्षांच्या संसारात विजयसिंह वीस-पंचवीस खुणा शिकला होता. जेवण, पाणी, पैसे, आई, उशीर, जायचं. त्यापलीकडचं काही असलं की दोघं एकाच खोलीत बसून एकमेकांना मेसेज करायची.

आताही त्याच्या खिशातला फोन थरथरला. ती त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसली होती.

'फोन खराब. मोहिनी अर्धी दिसते. नवीन पाहिजे.'

त्यानं हात धुऊन उत्तर लिहिलं. 'दिवाळी झाली की बघू.'

दिवाळी झाली. फोनची बॅटरी फुगून पाठीमागचं झाकण वर आलं, त्याला तिनं शिवणाचा रबर लावला. पडद्यावर उभी हिरवी रेघ आली. विजयसिंहानं तीही बघितली. फोन लागत होता, बंद पडत होता, पुन्हा लागत होता. गाईचं खाद्य महाग झालेलं. वर्षाराणीनं ब्लाउज शिवून साठवलेले पैसे होते, पण ते पिको-फॉलच्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले. मशीन आलं तर चार पैसे जास्त येणार होते. फोननं काय येणार होतं?

"सहा वर्षं झाली फोनला," तो आईला म्हणाला. "चालतोय तवर चालू दे की."

कुशाबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुजं बोलणं आठ दिस बंद करू का? मग कळंल तुला."

"आता माजं काय मधी?"

"तू डेरीवर बोलतोस, पारावर बोलतोस, गाईसंगट बी बोलतोस. ती कुणासंगट बोलती रं?"

तो उठून गोठ्यात गेला.

चार दिवसांनी वर्षाराणीचाच मेसेज आला. 'मोहिनी म्हणते नको घेऊ. आहे तो चांगला.' विजयसिंहाला हलकं वाटलं. त्यानं लगेच लिहिलं, 'बघ. तिला पण पटतंय.'

तिनं वाचलं आणि त्याच्याकडं बघत राहिली. तिला मैत्रिणीचं ते म्हणणं लागलं असावं. त्या दिवशी तिनं बावड्याला फोन लावलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सव्वादोनला तिनं पुन्हा फोन मशीनला टेकवला.

महिनाभरानं एका दुपारी तो घरी आला, तेव्हा ती पाठमोरी बसली होती आणि तिचे हात भरभर चालले होते. काहीतरी मोठं, लांबलचक सांगणं चाललं होतं. तो तिच्या बाजूनं पुढं गेला आणि त्याला पडदा दिसला. फोन बंद पडलेला होता, पडदा पार काळा. तिला ते दिसत होतं. तरी तिनं सांगायला घेतलेलं शेवटपर्यंत सांगितलं आणि मगच हात मांडीवर ठेवले.

विजयसिंहानं ताट वाढून घेतलं नाही. त्यानं मेसेज केला, 'उद्या बारामती.'

बारामतीत मोबाइलच्या दुकानातल्या मुलानं रबर काढून फोन उलटा केला आणि हसला.

"दादा, डिस्प्ले गेलाय, बॅटरी फुगलीय. हा खिशात ठेवणंसुद्धा धोक्याचं. यात पैसे घालू नका."

"नवा साधातला साधा कितीपर्यंत बसंल? पण चित्र चांगलं पाहिजे. अडकाय नको."

मुलानं तीन फोन काढून ठेवले. वर्षाराणीनं तिन्हींचे कॅमेरे लावून स्वतःचा हात बघितला. बोटं जवळ आणली, लांब नेली, भरभर हलवली. मधल्या फोनवर तिनं बोट ठेवलं. पिशवीतून पाकीट काढून मशीनचे पैसे काउंटरवर ठेवले. उरलेल्याचे हप्ते विजयसिंहाच्या नावावर झाले. सिम बदलून, सगळं चालू करून होईस्तोवर सव्वादोन होत आलेच होते. तिनं तिथंच उभ्यानं बावड्याला कॉल लावला.

चित्र इतकं स्वच्छ होतं, की विजयसिंहही वाकून बघायला लागला. मोहिनीच्या हनुवटीवर तीळ होता, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. मागं निळी भिंत, दोरीवर टॉवेल, उघडं दार. वर्षाराणी मोठ्यानं हसली. दुकानातल्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. तिनं फोन विजयसिंहाच्या हातात दिला, तो नीट धरायला लावला आणि तिचे हात सुटले. नवा फोन, दुकान, रंग, सगळं ती सांगत असावी.

मग मोहिनीनं हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला.

वर्षाराणी थांबली. थोडा वेळ वाट बघून तिनं पडद्यावर बोटानं टकटक केलं. मग दुकानातल्या मुलाकडं वळून दोन बोटं एकमेकांत गुंतवून ओढली.

"अडकतंय म्हणती," विजयसिंह म्हणाला. "ह्यात बी अडकतंय."

मुलानं काउंटरवरून मान पुढं काढली.

"नाही हो. चालू आहे की. तो बघा, मागं टॉवेल हलतोय."

टॉवेल हलत होता. उघड्या दारातून एक कोंबडी आत आली, दोन पावलं चालली आणि परत गेली. मोहिनीचा हात मात्र छातीपाशी होता तसाच होता, बोटं अर्धवट वळलेली. तिचे डोळे सरळ वर्षाराणीकडं लागलेले होते आणि त्यांची उघडझाप चालू होती. मग तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा तो हात मांडीवर ठेवला. कॉल बंद झाला.

"तिकडची रेंज गेली असंल," मुलगा म्हणाला.

वर्षाराणीनं पुन्हा कॉल लावला. कुणी घेतला नाही. तिनं विजयसिंहाकडं बघून 'जायचं' अशी खूण केली. ती त्याला येत होती. मग नव्या फोनवरून तिचा पहिला मेसेज आला. 'बावडा. आज.'

त्यानं घड्याळ बघितलं आणि केंद्रावरच्या यशराजला फोन लावला. "आजचं संध्याकाळचं दूध तू घे. मी इंदापूरकडं निघालोय. न्हाय, आमच्यातलं न्हाय कुणी. तिची मैत्रीण हाय."

मोटारसायकलवर ती एरवी एका बाजूला दांडीला धरून बसायची. आज तिनं दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले आणि बावडा येईपर्यंत काढले नाहीत. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी हळू करावी लागली, की ते हात जड व्हायचे.

चार वाजून गेले होते. मोहिनीची सासू, साखरबाई, अंगणातच होत्या. वर्षाराणीला बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि आत बोट दाखवलं. ती चप्पल न काढताच आत गेली. दारातून विजयसिंहाला दिसलं, की मोहिनी उठून उभी राहिली आणि तिनं उजवा हात पदराखाली घेतला. वर्षाराणीनं जवळ जाऊन तो पदराबाहेर काढला, स्वतःच्या दोन्ही हातांत धरला आणि चोळत राहिली.

"बसा पाव्हणं," साखरबाई म्हणाल्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "कळलं म्हणायचं तुमास्नी."

"काय झालंय मावशी?"

"हाताचं बळ चाललंय. गेल्या उन्हाळ्यापासनं. आदी वाटलं, कामानं आखडला आसंल. मग पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेली." त्या घराकडं पाठ करून बोलायला लागल्या; आतून कुणाला ऐकू येणार नव्हतं, तरी आवाज खाली गेला. "डाक्टर म्हणला, उजवा गेल्यातच जमा. डावा बी जायचा. वरीसभर म्हणला. औशीद न्हाय त्याला."

विजयसिंहानं तांब्या खाली ठेवला.

"तुमची मंडळी तिकडं फोन आपटायची," साखरबाई म्हणाल्या, "आन ही हितं बसून बघायची. मला वाटायचं, हाताचं खापर फोनवर फुटतंय ते बरंय, आसंच हिला वाटत आसंल. कुणाला कळू दिलं न्हाय हिनं."

'बघ. तिला पण पटतंय.' आपणच लिहिलेलं ते त्याला आठवलं.

"डाव्या हाताचं कळल्यावर मोहिनी काय म्हणल्या?"

"तिला कुठं ठावं हाय?" साखरबाईंचे डोळे भरले. "एक हात गेला, दुसरा हाय, आसंच समजून चाललीय. आमाला तिच्यासंगट बोलता येतंय व्हय? माझा ल्योक सोनबा लिहून सांगाय बसला. दोनदा कागद फाडला आन कारखान्यावर ट्रॅक्टर घेऊन गेला. चार दिस झालं, घरी आला न्हाय." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तुमची मंडळी सांगंल का तिला? तिच्या बोलण्यात सांगितलं म्हंजे नीट कळंल."

विजयसिंहानं फोन काढला. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुसलं. त्याला ठाऊक असलेल्या खुणांत हे बसत नव्हतं आणि लिहिण्यातही बसत नव्हतं. शेवटी त्यानं वर्षाराणी लिहायची तसंच तोडून तोडून लिहिलं. 'डावा हात पण जाणार. एक वर्ष. औषध नाही. मोहिनीला माहीत नाही. घरचे म्हणतात तू सांग.'

त्यानं मेसेज पाठवला आणि उठून दारापाशी जाऊन उभा राहिला.

वर्षाराणीच्या मांडीवरचा फोन उजळला. तिनं वाचलं. पडदा स्वच्छ होता, अक्षरं मोठी होती, तरी ती बराच वेळ वाचत राहिली. मोहिनीनं डाव्या हातानं तिचा गुडघा हलवला आणि भुवया उंचावल्या. कुणाचा?

वर्षाराणीनं फोन खाटेखाली सरकवला. उठून खिडकी पुरती उघडली. मोहिनीला उजेडाकडं वळवून बसवलं, स्वतः तिच्यासमोर बसली आणि हात वर केले.

ती सावकाश बोलली. विजयसिंहाला त्यातली एकच खूण ओळखू आली, 'जायचं'. ती दोनदा आली.

मोहिनीनं आपला डावा हात समोर धरून बघितला. उलटा केला, सुलटा केला. मग त्याच हातानं काहीतरी विचारलं, अगदी थोडक्यात. वर्षाराणीनं उत्तर दिलं. मोहिनीनं पुन्हा तेच विचारलं. वर्षाराणीनं पुन्हा तेच उत्तर दिलं. मग दोघींचेही हात मांडीवर आले आणि तिथंच राहिले.

इतका वेळही खोलीत आवाज असा नव्हताच. पण आता खोली गप्प झाली, हे दारात उभ्या विजयसिंहाला कळलं.

साखरबाई मागून येऊन त्याच्याजवळ उभ्या राहिल्या.

"सांगितलं?"

"व्हय."

"मग? काय म्हणली ती?"

विजयसिंहानं आत बघितलं, मग त्यांच्याकडं.

"मावशी, मला त्यांचं बोलणं येत न्हाय."

"अकरा वर्सं झाली की तुमच्या लग्नाला."

"व्हय," तो म्हणाला.

आत मोहिनीचा डावा हात पुन्हा वर झाला होता. विजयसिंह चौकटीला टेकून त्या हाताकडं बघत राहिला.