स्पर्शगुरूंचा लेप आणि मावशीची हनुवटी

रविवारी सकाळी सायकल क्लबच्या फाटकापाशी भली मोठी रांग लागायची आणि त्या रांगेत सायकल चालवणारं कुणीच नसायचं. गुडघेदुखीवाले असत, परीक्षेत आपटलेले असत, आणि एक गृहस्थ तर बंद पडलेलं शिलाई मशीन हातगाडीवर घालून आले होते. सगळ्यांना स्पर्शगुरूंचा हात लागायला हवा होता. कारण दरवर्षी तळाला लोळणाऱ्या या क्लबच्या मुलींनी गुरू आल्यापासून सातपैकी पाच शर्यती मारल्या होत्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या नंबरांची तर गणतीच नव्हती.

"मी काही देत नाही," गुरू डोळे मिटून सांगत. "शक्ती तुमच्या पेशीपेशीत झोपलेली आहे. मी तिला हाक मारतो, बस. विज्ञान अजून तिथे पोचायचंय."

विज्ञान पोचेपर्यंत एका पांढऱ्या डबीवर काम भागत होतं. डबीत निलगिरीच्या वासाचा लेप असे. गुरू त्यावर तळहात धरून ओठ हलवत, आणि मग ती डबी आठ मुलींच्या मांड्यांना नि दंडांना चोळायला मावशीकडे जाई.

मावशी म्हणजे क्लबची मालिशवाली. सगळ्याजणी तिला मावशी म्हणत, पण ती खरी मावशी एकीचीच, चिमणीची. बहिणीची ही मुलगी लहानपणापासून एवढ्या बारीक आवाजात बडबडायची की तिला दुसरं नाव शोभलंच नसतं. चिमणीला क्लबात मावशीनेच आणलं होतं. "माझ्या नजरेसमोर राहील," असा शब्द तिने बहिणीला दिला होता.

गुरूंनी पहिल्याच दिवशी मावशीपुढे रबरी हातमोज्यांचा खोका ठेवला. "हे घालूनच लावायचं. संसारी माणसाच्या स्पर्शाने शक्ती पातळ होते."

मावशीने मान डोलावली आणि मालिशच्या खोलीचं दार लागताच मोजे खिशात कोंबले. बावीस वर्षं ती बोटांनी पाय वाचत आली होती. कुठली शीर आखडलीय, गाठ कुठे लपलीय, हे रबरातून काय कपाळ कळणार? ती नेहमीसारखी उघड्या हातांनी, कोपरापर्यंत लेप माखून, मुलींचे पाय रगडत राहिली.

चार महिन्यांनी तिच्या हनुवटीवर पाच काळे केस उगवले. तिने ते उपटले, तर पुढच्या आठवड्यात बारा आले. चेहऱ्यावर शाळकरी पोरासारखी मुरुमं उठली, तीही बावन्नाव्या वर्षी. पाण्याचं जे पिंप दोघी मिळून सरकवायच्या ते एक दिवस तिने एकटीने सरकवला. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "मावशी, पुढच्या शर्यतीला तुम्हीच उतरा!" सगळे हसले, तीही हसली.

मग बहिणीचा फोन आला. "अगं, काल चिमणीला फोन केला तर कुणीतरी पुरुषाने उचलला. मी घाबरून ठेवूनच दिला. पोरगी कुणाबरोबर राहते आहे तिथे?"

चिमणी तर मावशीच्याच घरी राहत होती आणि फोन चिमणीनेच उचलला होता. तिचा आवाज पुरुषासारखा जाडा झाला होता, पण रोज ऐकणाऱ्या कानाला बदल कळला नव्हता. मावशीला स्वतःचा असा राग आला की जेवणच गेलं नाही. तिने चिमणीला खोदून विचारलं. पाळीही तीन महिने आली नव्हती. गुरू म्हणाले होते, शक्ती वाया जायची थांबली.

आपली हनुवटी आणि पोरीचा आवाज यांचं कारण एकच असावं, अशी शंका येऊन मावशी आधी स्वतः दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. "काही गोळ्या घेता?"

"नाही."

"मलम वगैरे लावता?"

"लावते की. पण स्वतःला नाही, दुसऱ्यांना."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "उघड्या हातांनी?"

रक्त तपासलं. पुरुषी संप्रेरक बाईच्या अंगात असावं त्याच्या सहापट निघालं. डबीतला लेप तपासायला पाठवला, त्यातही तेच. ज्या पुरुषांच्या शरीरात ते कमी पडतं त्यांना डॉक्टर असलाच मलम लिहून देतात, आणि बायका-मुलांना हात लावू देऊ नका असं खोक्यावर छापलेलं असतं. "आता तीन आठवडे मोजे घाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकी काही बदलू नका." डबी तीच राहिली, आशीर्वादही तोच राहिला. तीन आठवड्यांनी मावशीचं रक्त जवळजवळ ठिकाणावर आलं.

हे सगळं तिने चिमणीपुढे मांडलं. चिमणी भडकली. "माझा पगार किती आहे माहितीये ना तुला? जिंकल्यावर जे मिळतं त्यावर आईचं घर चालतं. तू गप्प बस."

"अगं, तुझा आवाज गेला!"

"आवाजाने सायकल चालत नाही, मावशी."

"तुला संशय आला नाही कधी?"

"कुणी गोळी दिली असती तर विचारलं असतं," चिमणी म्हणाली. "आशीर्वादाला काय विचारायचं?"

मावशीच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. क्लबच्या व्यवस्थापकांनी गुरू आणला होता तो पोरींनी विचारू नये म्हणून. उत्तेजक तपासणारे कधी येणार हे ऑफिसला आधीच कळायचं, आणि गुरूंचा 'शक्तीचा उपवास', म्हणजे लेप बंद, नेमका त्याआधी सुरू व्हायचा. पोरी बिचाऱ्या तोही श्रद्धेने पाळायच्या.

रविवारी क्लबच्या भरल्या सभागृहात मावशी डबी घेऊन उभी राहिली. "गुरू, यात जरा बोटं बुडवा."

गुरू मंद हसले. "मी उगम आहे, बाई. उगमाला लेप लागत नाही."

"बरं. मग व्यवस्थापकसाहेब, तुम्ही लावा दोन्ही हातांना. तुमची तीन वर्षांची नात ती बघा पहिल्या रांगेत. लावा, आणि त्याच हातांनी तिला उचलून घ्या."

व्यवस्थापकांचे हात सगळ्यांच्या देखत पाठीमागे गेले.

मावशीने दोन्ही अहवाल वाचून दाखवले आणि हनुवटी वर करून खुंट दाखवले. "ही शक्ती माझ्यातही जागी झाली, आणि मला तर कुणी आशीर्वाद दिला नव्हता! आशीर्वादाने झालं असतं तर मोजे घातल्यावर थांबलं असतं का? कुणी काही चोळायला दिलं, प्यायला दिलं, तर यात काय आहे एवढं तरी विचारा रे! विचारण्याने कुणाची शक्ती पातळ होत नाही. आणि जो विचारू देत नाही, त्याला उत्तर माहीत असतं."

मागून एक आजोबा उठले. "ते सगळं खरं असेल हो, पण माझा गुडघा बरा झाला त्याचं काय?" दहा-पंधरा माना जोरजोरात हलल्या. मावशीला वाटलं, हीच डबी त्यांच्या डोक्यात घालावी.

पुढे चौकशी झाली. आठही मुलींवर दोन वर्षांची बंदी आली. व्यवस्थापकांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला आणि त्यांना दुसऱ्या क्लबात जागा मिळाली. स्पर्शगुरू हल्ली कुठल्याशा फुटबॉल संघाला श्वास घ्यायला शिकवतात म्हणे. रविवारची रांग तिथे लागते.

चिमणी महिनाभर मावशीशी बोलली नाही. तिची पाळी परत आली, मावशीची मुरुमं गेली. चिमणीचा आवाज परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. एका संध्याकाळी चिमणी स्वतःहून मावशीजवळ येऊन बसली आणि आईला फोन लावला.

"आई, मी बोलतेय."

पलीकडून प्रश्न आला, "कोण?"

चिमणीने मावशीचा हात घट्ट धरला. "मीच गं," ती जाड्या आवाजात म्हणाली. "ठेवू नकोस. सगळं सांगते तुला."