धूर खाल्लेला उंदीर

मी बोलतोय तो उंदीरच, पण तुमच्या धान्याच्या कोठीतला नव्हे. मी पांढरा, लाल डोळ्यांचा, कॉलेजातला उंदीर. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फार्मसी कॉलेज आहे, त्याच्या मागच्या अंगाला आमचं अ‍ॅनिमल हाऊस. माझ्या पाठीवर पिवळ्या औषधाने ओढलेली एक रेघ आहे, तेच माझं नाव. आणि आधीच सांगून टाकतो, मला तुम्हा माणसांची किळस येते. रागावू नका. आम्हाला पाहून तुम्हीही नाक मुरडताच की.

माझा जन्म दुसऱ्याच गावी झाला, प्रयोगासाठी उंदीर वाढवतात अशा ठिकाणी. आई आठवते ती फक्त ऊब म्हणून. डोळे उघडून फार दिवस झाले नव्हते, तोच भोकं पाडलेल्या खोक्यात घालून आम्हाला इकडे आणलं. आल्या आल्या बरं वाटलं. खाली भाताचं तूस, वर पाण्याची बाटली, वेळच्या वेळी खाणं आणि उन्हाळ्यात कूलर. वऱ्हाडातल्या मे महिन्यात, आमच्यासाठी कूलर! त्याच्या वाऱ्याला दुपारी देवीदासही येऊन बसायचा. देवीदास म्हणजे आमचे पिंजरे धुणारा माणूस. मला वाटलं, ही माणसं भली आहेत. सणाआधी बोकडालाही असंच वाटत असेल.

मग एक दिवस रागिणीने मला मानेच्या कातड्याला धरून उचललं आणि काचेच्या पेटीत ठेवलं. रागिणी इथे पीएचडी करते, प्रयोग तिचाच. पेटीला एक नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटती सिगारेट आणि मधे माणसासारखा झुरका ओढणारा पंप. झाकण लागलं आणि पहिला झुरका आत आला. डोळे झोंबले, घसा खरवडून निघाला. पण खरी घाण पुढेच होती. आम्ही उंदीर स्वच्छ जात, सारखं अंग चाटून काढतो. पिंजऱ्यात परत आल्यावर अंग चाटायला घेतलं, तर केसाकेसात तोच धूर. कडू, चिकट, जळका. जितकं चाटावं तितका तो पोटात जाई. त्या दिवसापासून मला माझ्याच अंगाची शिसारी आली, ती आजही गेलेली नाही.

आणि हेच माणसं आपल्या हौसेने करतात. त्यांची मान कोणी धरत नाही, त्यांना कोणी कोंडत नाही. आमच्यासाठी आणलेल्या सिगारेटींतली एखादी देवीदास हळूच खिशात टाकायचा आणि मागच्या भिंतीशी जाऊन ओढायचा. परत आला की पिवळ्या पडलेल्या त्याच बोटांनी आमचं खाणं घालायचा. ती बोटं पाहिली की माझी भूक मरायची.

आमचे गट तीन. एकाला स्वच्छ हवा, दुसऱ्याला नुसता धूर, तिसऱ्याला धूर आणि वर औषध. मी तिसऱ्यातला. औषध म्हणजे एक जुनं अँटिबायोटिक, डॉक्टर तुम्हाला तापात देतात तसलंच. जंतू मारणारं हे औषध धुराने आलेली फुप्फुसाची सूजही उतरवतं का, हे रागिणीला पाहायचं होतं. ते ती तोंडातून घातलेल्या वाकड्या सुईने थेट माझ्या पोटात सोडायची. या सगळ्याला एका समितीची परवानगी होती म्हणे. समितीत उंदीर कोणी नव्हता. उंदराला मांजर साक्ष, दुसरं काय!

तरी रागिणीवर मला पुरता राग धरता आला नाही. त्याला कारण तिचा बाप, खुशालराव. बडनेऱ्याच्या पलीकडे त्याचा मळा आहे, वांगी, पालक, झेंडू. सकाळी अमरावतीच्या बाजारात माल उतरवून तो तिला गाडीवर कॉलेजात सोडायचा आणि आमच्या जाळीच्या खिडकीबाहेर उभा राहायचा. आधी खोकला, मग विडी, मग पुन्हा खोकला. त्या खोकल्याच्या शेवटी तो जे थुंकायचा त्याचं वर्णन मी करत नाही, तुम्ही नुकतेच जेवून बसला असाल. आताशा मळ्यातून घरी येताना त्याला वाटेत बसावं लागतं, बोलता बोलता त्याचा दम तुटतो, असं रागिणी देवीदासला सांगायची. सांगताना तिचा आवाज ओला व्हायचा. बापाचा श्वास टिकावा म्हणूनच तिने हा विषय घेतला होता. म्हणजे विडी ओढायची त्याने आणि छाती फोडून दाखवायची आम्ही.

मधे एकदा धुराच्या दोन्ही गटांतले काही उंदीर ती घेऊन गेली. ते परत आले नाहीत. त्यांच्या फुप्फुसांचे पातळ काप तिने काचेवर ठेवून पाहिले आणि हरखून गेली. औषधवाल्यांचं नुकसान नुसत्या धूरवाल्यांपेक्षा कमी दिसत होतं. डोंगर पोखरून उंदीर का होईना, निघाला होता. पोरीची जात, पहिली बातमी बापाला. औषध घेतलेल्यांची छाती जरा टिकली, असं तिने खिडकीतूनच सांगून टाकलं. अजून पुष्कळ तपासायचं आहे, हे सांगायला ती विसरली. विडी सोडा, हे तर ती रोजच सांगायची, तेवढं त्या दिवशी राहून गेलं. खुशालरावाने औषधाचं नाव तेवढं विचारून घेतलं.

खुशालराव मळेवाला माणूस. वांग्यावर अळी दिसायच्या आत तो फवारणी करतो. अळी तर येणारच, आपण औषध आधीच मारून ठेवावं, ही त्याची जन्माची रीत. तीच त्याने छातीला लावली. कुठल्याशा मेडिकलमधून त्या गोळ्या आणल्या आणि रोज सकाळी एक घेऊ लागला. गोळीचं पाठबळ मिळाल्यावर विड्याही वाढल्या. खिडकीशी आता एक विझायच्या आत दुसरी पेटायची. गोळ्यांचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यामुळे कळेना, या माणसाला एकाएकी इतका उत्साह कशाने आला.

एका सकाळी त्याने खिशातून विड्यांचं बंडल ओढून काढलं आणि त्याबरोबर गोळ्यांची पट्टी बाहेर पडली. रागिणी खिडकीशीच उभी होती.

"हे काय होय, बाबा?"

"तुयंच औषध," तो कौतुकाने म्हणाला. "सकाळी एक घेतली का दिवसभराची फवारणी झाली. उंदराले मानवते, त मले काहून नाही मानवणार?"

मग रागिणी त्याच्याच भाषेत बोलली. वांग्यावरची अळी आता तुमच्या फवाऱ्याने काहून मरत नाही, असं तिने विचारलं. सवय झाली तिले, तो म्हणाला. मग छातीतल्या जंतूंनाही अशीच सवय होईल, उद्या खरोखर निमोनिया झाला तर डॉक्टरच्या हातात काही उरणार नाही, असं तिने परोपरीने सांगितलं. तो हसला. हसता हसता खोकला, आणि ते औषधवाले उंदीर त चांगले फिरून राहिले, मी रोज पायतो, म्हणाला.

तेव्हा तिने नियम मोडला. बाहेरच्या माणसाला आत आणायला मनाई आहे, तरी हाताला धरून तिने बापाला आत आणलं. मला पिंजऱ्यातून काढून तळहातावर घेतलं आणि त्याच्या कानाशी धरलं. देवळात माणसं मूषकाच्या कानात आपलं मागणं सांगतात. इथे माणसाला उंदराचं ऐकायचं होतं.

"ऐका," ती म्हणाली.

मी श्वास घेतला की छातीत तव्यावर तीळ तडतडावेत तसा आवाज होतो. त्याचा कान माझ्या अंगाला टेकला होता. कानाला, मिशीला, गळ्यातल्या दुपट्ट्याला, सगळीकडे तीच घाण. ओकावं म्हटलं, तर आम्हा उंदरांना ओकताही येत नाही. माझी छाती वाजत होती आणि त्याचीही. रागिणीला दोन्ही ऐकू येत असणार.

"हा बिनाऔषधाचा होय?" त्याने विचारलं.

"नाही, बाबा. याले औषध भेटलं. हा त्यातला बरा आहे."

तो मागे सरला. मग त्याने गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातात दिली. रागिणीचा चेहरा असा उजळला की क्षणभर मलाही माणसाबद्दल बरं वाटलं. खाली मान घालून तो बाहेर गेला. ती मला घेऊन तशीच उभी राहिली. आणि जाळीतून विडीचा वास आत आला.

गोळ्या त्याने सोडल्या होत्या. विडी नाही.

रागिणी त्याच्यावर ओरडली नाही, रडलीही नाही. तिने मला पिंजऱ्यात ठेवलं, पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि खिडकी लावून घेतली. उन्हाळ्यात ती खिडकी कधी लावत नाहीत.

आता माझी पाळी आली आहे. काल देवीदासने मला तुसाचा नवा थर घातला, नेलेल्यांनाही आदल्या दिवशी असाच घातला होता, तेव्हाच मी ओळखलं. माझ्या फुप्फुसांचेही काप होतील, ते रागिणीच्या प्रबंधात जातील, आणि उद्या कोणीतरी वाचून म्हणेल की चला, धुरावर औषध निघालं. म्हणून जाण्याआधी हात जोडतो, पुढचे दोन पाय म्हणा हवं तर. मला झाकण लावून धूर पाजला. तुम्हाला कोणी कोंडलेलं नाही. तरीही ओढायचीच असेल तर स्वतःच्या जिवावर ओढा, माझ्या भरवशावर ओढू नका.