गाठीतली गोळी

सासूबाईंनी बांधणीच्या कापडाची दोन टोकं दोन मुठींत धरली आणि हिसका दिला. गाठी तटातट सुटल्या. दोरे उडाले, गाठींत बांधलेले वाटाणे अंगणभर पळाले आणि निळ्या कापडावर पांढरे ठिपके उमटले. या कामात त्यांचा जन्म गेला होता, तरी हा क्षण आला की त्या लहान मुलीसारख्या पुढे वाकून बघत. अख्खं कापड निळीच्या पिंपात बुडवून काढलेलं, आणि जिथे बांधलं तिथे पांढरंच्या पांढरं! त्यांच्या लेखी हे नवल कधी जुनं झालं नाही.

कोपऱ्यातल्या काही गाठी मात्र हटेनात. नेहमीपेक्षा जाड, वर प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळून मेण लावलेल्या दोऱ्याने गच्च आवळलेल्या. अशी टोपी मोठा ठिपका हवा असेल तरच घालायची, आणि या नक्षीत मोठा ठिपका नव्हताच. सूनबाईची झोप पुरी होत नाही, दुसरं काय, असं पुटपुटत त्यांनी दाताने दोरा तोडला. आतून वाटाणा पडला नाही. गोळी पडली.

त्यांनी ती तळहातावर घेतली. ही गोळी त्या चांगली ओळखत होत्या. रोज सकाळी सून गाठी बांधायला बसली की सासूबाई स्वतःच पाण्याच्या पेल्याबरोबर ती तिच्या हातात ठेवत. सुनेला आकडी यायची. लग्नानंतर एकदा ती पिंपाजवळच कोसळली होती. पिंपाची कड डोक्याला लागायची थोडक्यात चुकली. गोळी सुरू झाली आणि आकडी थांबली. इतकी थांबली, की घरात तिचा विषयसुद्धा निघेनासा झाला. आणि आता ही बया मांडीवर पोर घेऊन गोळ्या कापडात बांधत होती. सासूबाईंनी गोळी मुठीत आवळली.

आतून मुकादमाचा आवाज आला. मुकादम म्हणजे नातू. जन्मल्यापासून घरादाराला कामाला लावलं म्हणून आजीनेच ठेवलेलं नाव. सून त्याला पाजत बसली होती. सासूबाई आत जाऊन तिला चिकटून बसल्या आणि त्यांनी पोराच्या पाठीखाली आपला हात घातला. मग दुसरी मूठ उघडली.

"हे काय?"

सुनेने गोळीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"तो कोपरा मीच सोडणार होते, आई."

"कोपऱ्याचं नंतर बघू. किती दिवस झाले?"

"जेवढ्या गाठी तेवढे."

"आणि हा हातात असताना आकडी आली असती म्हणजे?"

"खाली बसूनच पाजते मी. बाजूला उश्या लावते."

"उश्या लावते म्हणे! मोठी शहाणी!"

सुनेने पोराभोवतीचा हात आवळला. "रागावू नका ना. दूध माझ्या रक्तातूनच होतं की नाही? गोळीही रक्तातच जाते. पिंपात दुसऱ्या रंगाचा एक थेंब पडला की अख्खं पिंप वाया, तुम्हीच शिकवलंत. हा तर एवढासा. गोळी घेत होते तेव्हा एकदा पिता पिता झोपला, किती हलवलं तरी उठेना. मला वाटलं, मीच झोपवलं याला."

 पिंपातल्या थेंबाचं वाक्य सासूबाईंचंच होतं. त्या वाक्यावर या घराचा धंदा उभा होता आणि सुनेने ते पहिल्या दिवसापासून देवाच्या आज्ञेसारखं पाळलं होतं.

"चप्पल घाल," त्या उठत म्हणाल्या. "मुकादमालाही घे. नको, थांब. त्याला मी घेते."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी मुकादमाला वजनकाट्यावर ठेवलं. त्याने काट्यावरच धार सोडली.

"वजन छान वाढतंय," त्या काटा पुसत म्हणाल्या. "दूध नीट ओढतो? जागा असला की टकमक बघतो?"

"बघतो कसला, हुकूम सोडतो," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई सुनेकडे वळल्या. "गोळी थांबवण्याआधी मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही पाजणं बंद करायला सांगाल, असं वाटलं."

"पोटात होता तेव्हाही घेतच होतीस की."

"तेव्हा तो तोंडाने पीत नव्हता ना."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "नाळेतून त्याच्यापर्यंत जेवढी पोचायची, त्यापेक्षा दुधातून कमीच जाते ही गोळी."

"म्हणजे हा गडी आत बसून गोळ्या खात होता?" सासूबाईंनी डोळे मोठे केले.

"तुमच्याआधीपासून त्याची आणि गोळीची ओळख आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण कमी म्हणजे, जातेच ना?" सून म्हणाली.

"जाते. अजिबात जात नाही असं खोटं कशाला सांगू? प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. तुझी ही गोळी, तुला दिलेल्या मात्रेत, पाजताना चालते. रक्त आणि दूध यांच्यामध्ये पेशींची पातळ भिंत असते. पुष्कळसं औषध तिच्या अलीकडेच राहतं. मात्र दुसरं कुठलंही औषध, साध्या सर्दीचं का असेना, विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि हा सुस्त वाटला, ओढेनासा झाला, तर त्याला उचलून तडक इकडे यायचं. आपल्या मनाने गोळी बंद करून घरी बसायचं नाही."

चुकलेल्या गोळ्यांचा हिशेब विचारून त्यांनी पुन्हा कशी सुरू करायची ते लिहून दिलं. राहिलेल्या भरून काढायला एकदम दोन घ्यायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं.

 घरी आल्यावर सून अंगणात बसली. एका हातात गोळ्यांची पट्टी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. पेला ओठांपर्यंत जाई आणि खाली येई.

"ती भिंत कुणी पाहिलीय, आई?"

सासूबाईंनी मुकादमाला मांडीवर घेतलं आणि पायाने कापड सुनेकडे सरकवलं. कोपऱ्यातल्या उरलेल्या गाठी तशाच होत्या.

"एक सोड."

सुनेने पेला ठेवला. नखाने दोऱ्याचं टोक उकललं, वेढे काढले, प्लॅस्टिक सोललं. वरचं कापड गर्द निळं होतं. पहिली घडी उलगडली तशी निळाई फिकट झाली, दुसऱ्या घडीत फक्त झाक उरली, आणि मधोमध पांढऱ्याशुभ्र कापडात गोळी बसली होती. कोरडी. पट्टीतून आत्ताच काढल्यासारखी. फक्त एका कडेला केसाएवढी निळी रेघ.

"कड निळी झालीय," सून रेघेवर बोट ठेवत म्हणाली.

"झालीय खरी. थोडी."

 सासूबाईंच्या मनात आलं, आपण मेणाचा दोरा बोटं कापेपर्यंत आवळतो तेव्हा कुठे एवढं अडतं. आणि या पोरीच्या आत, तिला पत्ता नसताना, कुणीही न बांधलेलं काहीतरी रात्रंदिवस तेच काम करतंय. थोडं सोडतंय, बाकीचं धरून ठेवतंय. त्यांना आपल्याच सुनेपुढे हात जोडावेसे वाटले. पण हातात मुकादम होता, म्हणून त्यांनी नुसतं तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

गाठीतली गोळी सुनेने बाजूला ठेवली. पट्टीतून नवी काढली, तोंडात टाकली आणि पेला रिकामा केला. मग हात पुढे केले. "द्या त्याला."

मुकादम पिता पिताच झोपला. सून त्याच्याशेजारी आडवी झाली. सासूबाई वाटाणे वेचू लागल्या आणि वेचता वेचता गादीपाशी आल्या. पोर हलत नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं सगळं त्यांना पटलं होतं. गाठ तर डोळ्यांनी पाहिली होती. तरी त्यांनी हळूच वाकून त्याच्या नाकाखाली बोट धरलं.

"येतोय का श्वास?" सुनेने डोळे न उघडताच विचारलं.

सासूबाई चपापल्या. "माशी होती," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मुकादमाने ते बोट पकडलं. जन्मभराच्या निळीने नखापर्यंत रंगलेलं ते बोट त्याने तोंडाकडे ओढलं. एवढीशी मूठ, पण केवढं बळ!

"अरे नको, निळं आहे ते!" सासूबाईंनी कसंबसं बोट सोडवून घेतलं.

मुकादमाने डोळे उघडले, दोघींकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला की रस्त्याने जाणारा माणूस थबकून दारातून आत डोकावला. एरवी त्याने नुसतं तोंड वाकडं केलं तरी दोघींची धावपळ उडायची. आज एकीनेही घाई केली नाही. तो हातपाय झाडत, लालबुंद होऊन रडत होता, आणि दोघी ते ऐकत बसल्या होत्या.

"घे गं त्याला आता," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "भूक लागलीय."