फळीवरचे हेल्मेट

घरात नवी वस्तू आली की जुनीचे काय करायचे, हा प्रश्न तुमच्या-माझ्या घरात नेहमीचाच आहे. फेकून देववत नाही आणि ठेवायला जागा नसते. मग कोणीतरी म्हणते, ‘देऊन टाका कोणाला तरी.’ हे वाक्य कानाला फार चांगले वाटते. ते दर वेळी चांगले असतेच का, याची मला हल्ली खात्री वाटत नाही.

एव्हारिस्तो बोनफांती यांच्या जेवणाच्या टेबलावर अशीच दोन हेल्मेटे होती, एक नवे आणि एक जुने. बोनफांती हे कोलोनिया पिएमोंते गावातले औषधवाले. औषधाच्या डबीवरची तारीख दोनदा वाचल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, अशी त्यांची ख्याती. या सावध माणसाला शौक मात्र एकच, मोटार पळवण्याचा! महिन्यातल्या एका रविवारी गावाबाहेरची मोटारींची धावपट्टी हौशी लोकांसाठी खुली असे. शर्यत नाही की बक्षीस नाही. आपली गाडी घ्यायची, पट्टीवर मनसोक्त फिरवायची आणि दुपारी सगळ्यांनी मिळून मांस भाजून खायचे.

वसंतात बोनफांतींची गाडी वळणावर गरकन फिरून टायरांच्या भिंतीवर आदळली. डोके गाडीतल्या लोखंडी नळीवर आपटले. त्यांना काही झाले नाही. हेल्मेटवर नखाने ओढल्यासारखी एक रेघ उमटली, एवढेच. तरीही ते रोसारियो शहरात जाऊन नवे हेल्मेट घेऊन आले.

निवडताना त्यांनी अख्खी दुपार घालवली. मोटारसायकलची हेल्मेटे त्यांनी बाजूला सारली, कारण गाडीत आग लागली तर टिकाव धरणारे अस्तर त्यांना नसते. मनात भरलेले पहिले हेल्मेट सैल निघाले. दुकानातल्या बाईंनी एकेक हेल्मेट बराच वेळ डोक्यावर ठेवायला लावले. कपाळावर एका ठिकाणी दुखते का, गाल सगळीकडून धरले जातात का, मान हलवली की हेल्मेट सोबत फिरते का, हे विचारले. पट्टा लावून मागून वर खेचूनही पाहिले.

“आणि जुनं?” बाईंनी विचारले.

“त्याला एक ठोका बसलाय.”

“मग त्याचा पट्टा कापून टाका. आतला थर एकदा दबला की संपला. बाहेरून काही कळत नाही, म्हणून तर भीती.”

बोनफांतींनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी कात्री हातात घेतलीही. पण लाल रंगाचे, महागाचे, कालपर्यंत मिरवलेले हेल्मेट! हात चालेना. पट्टीवरच्या मोटार क्लबात एक फळी होती. ज्यांच्याकडे हेल्मेट नाही त्यांच्यासाठी सभासद आपापली जुनी हेल्मेटे तिथे ठेवत, आणि खाली देणाऱ्याचे नाव रंगवले जाई. बोनफांतींनी कात्री ठेवली आणि गाडीचे मेण घेतले. घासून घासून ती रेघ दिसेनाशी केली.

पट्टीवरच्या पुढच्या रविवारी जेवणाच्या वेळी क्लबाचे अध्यक्ष काचो यांनी ते हेल्मेट उंच धरून सगळ्यांना दाखवले. टाळ्या पडल्या. बोनफांती लाजले, पण खरे सांगायचे तर त्यांना बरे वाटले.

हे बरे वाटणे एका शनिवारी सकाळी संपले. बेकरीत काम करणारी यामिला फरेयरा औषधाच्या दुकानात आली. तिने स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली जुनी फियाट गावात सगळ्यांना ठाऊक होती.

“डॉन एव्हारिस्तो, उद्या मी पहिल्यांदा उतरतेय पट्टीवर! आईला ॲस्पिरिन हवीय. तिचं डोकं आजच दुखायला लागलंय.”

“वा, वा,” ते तारीख वाचत म्हणाले.

“आणि हेल्मेट कुणाचं घेतलंय, ओळखा बरं!”

बोनफांतींनी तारीख पुन्हा वाचली. “कुणाचं?”

“तुमचं! काचो म्हणाले, घालून बघ, बसतंय का. मी म्हटलं, बघायचं काय त्यात? खाली नाव वाचलं ना मी. औषधवाल्याची वस्तू खोटी कशी असेल?”

आता बोलायला हवे होते. एकच वाक्य पुरे होते. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती. बोनफांतींनी पुडी बांधली आणि ते म्हणाले, “जपून चालव हं.”

ती गेली. दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोरून ते लाल हेल्मेट हलेना; आता त्यात एक चेहराही दिसत होता.

संध्याकाळी ते बहिणीकडे, ओफेलियाकडे गेले. ती चर्चमध्ये गरजूंसाठी आलेले कपडे निवडायचे काम करी. टेबलावर कपड्यांचा ढीग होता. तिने ‘माते’चा, म्हणजे नळीने ओढायच्या कडू चहाचा, प्याला भावाच्या हातात दिला आणि एक कोट उचलला.

“बघ हा. एकही बटण नाही. घरी काढून घेतली असणार, डबीत ठेवायला. आणि कोट मात्र दान! लोकांना वाटतं, गरिबाच्या थंडीला बटणं लागत नाहीत.”

“पण ओफेलिया, काहीच नसण्यापेक्षा बरं ना? दानात आलेल्या घोड्याचे दात कोण मोजतं?”

“घेणाऱ्यानं मोजू नयेत,” ओफेलिया म्हणाली. “देणाऱ्यानं तर मोजलेच पाहिजेत! घेणाऱ्याला तोंड उघडायची सोय नसते, म्हणून तर देणाऱ्यावर जास्त भार. घर झाडणं वेगळं आणि देणं वेगळं, एव्हारिस्तो. कचरा टाकताना कोणी टाळ्या वाजवत नाही ना? म्हणून माणसं त्याला दान म्हणतात.”

बोनफांतींनी नळी तोंडाला लावली, पण ओढली नाही.

“काय झालंय?” तिने विचारले. त्यांनी सगळे सांगितले, मेणासकट.

ओफेलियाने हातातला कोट खाली ठेवला. मग म्हणाली, “कोट फाटका निघाला तर माणूस कुडकुडतो. उद्या त्या पोरीची गाडी फिरली तर?”

“मी सकाळी काचोला बाजूला घेऊन सांगतो.”

“टाळ्या बाजूला घेऊन वाजवल्या होत्या का रे?”

रविवारी सकाळी सगळे चालक सूचना ऐकायला उभे होते. यामिला पुढेच होती. हेल्मेट घालून पट्टाही लावलेला. काचो बोलत असतानाच बोनफांती मध्ये शिरले.

“ते हेल्मेट काढ, यामिला. ते मेलेलं आहे.”

“म्हणजे?”

“भिंतीवर आदळलो तेव्हा त्याला मार बसलाय. मला ठाऊक होतं. मी रेघ घासून काढली आणि इथे आणून ठेवलं.”

काचो त्यांच्या कानाशी पुटपुटले, “अरे भल्या माणसा, मला गुपचूप सांगायचंस. मी बदललं असतं!”

यामिलाने हेल्मेट काढले. तिचे केस कपाळाला चिकटले होते. “काल दुकानात होते मी.”

“हो.”

“आईच्या ॲस्पिरिनची तारीख दोनदा वाचलीत तुम्ही. दोनदा! आणि माझं डोकं?”

बोनफांतींनी आपले नवे हेल्मेट पुढे केले. यामिलाने ते घातले आणि मान वळवली. ती उजवीकडे पाहू लागली, हेल्मेट समोरच पाहत राहिले. कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. सैल हेल्मेट डोके वाचवत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होते. चूक इतक्या स्वस्तात फिटणार नव्हती.

“फळीवरचं दुसरं घे की,” काचो म्हणाले.

तेव्हा मागून शेतकरी रुफिनो गालेत्तो पुढे आला. त्याने फळीवरून स्वतःच्या नावाचे हेल्मेट उचलले आणि काखेत धरले.

“हे नको. ट्रॅक्टरवरून पडलं होतं. चांगलं उंचावरून.”

मग आणखी एकजण पुढे झाला. “माझ्यातला स्पंज भुगा होऊन गळतो. म्हणून तर दिलं.” तिसऱ्याने कारण न सांगताच आपले हेल्मेट उतरवले. शेवटी एकच हेल्मेट उरले. सगळे काचोंकडे पाहू लागले. अध्यक्ष हळूहळू चालत गेले आणि तेही त्यांनी खाली घेतले.

अरेरे! अख्ख्या फळीवर एकही धड वस्तू नव्हती, आणि प्रत्येकीखाली एका सज्जनाचे नाव होते!

यामिला त्या दिवशी उतरली नाही. आपली फियाट घेऊन ती घरी गेली. तिला थांबवायचे धाडस कोणाला झाले नाही.

दुपारच्या जेवणाआधी सभासदांनी आपापल्या हेल्मेटचे पट्टे कापले. बोनफांतींनी आपला सर्वांसमोर कापला. यावेळी टाळ्या पडल्या नाहीत. क्लबासाठी लहान-मोठ्या मापांची नवी हेल्मेटे सगळ्यांनी मिळून घ्यायची, असे ठरले. दोन दिवसांनी बोनफांती बेकरीत गेले आणि त्यांनी यामिलाला निवडायला सोबत येण्याची विनंती केली.

“येईन,” ती पाव रचत म्हणाली. “पण निवडणार मी. तुम्ही नुसते उभे राहा.”

रोसारियोच्या दुकानात ते खरेच नुसते उभे राहिले. एकेक हेल्मेट घालून ती बराच वेळ बसली, मान हलवली, पट्टा लावून बाईंना मागून खेचायला लावले. “गाल इतके दाबलेत, की आईनं ओळखायची नाही मला!” ती बाईंना म्हणाली आणि हसली. बोनफांतींकडे तिने पाहिले नाही.

पुढच्या महिन्यात ती पट्टीवर उतरली. बोनफांतींनी त्या रविवारी गाडी काढलीच नाही. कुंपणाला धरून ते तिची प्रत्येक फेरी मोजत राहिले. एका वळणावर फियाट किंचित सरकली आणि सावरली. त्यांची मोजणी तिथेच चुकली. तिच्या डोक्यावर आज नसलेले ते लाल हेल्मेटच त्यांना सारखे दिसत होते.

वाचकहो, उपदेश करायचा मला संकोच वाटतो. माझ्याही कपाटात देऊन टाकण्याजोगे पुष्कळ आहे. पण एवढे म्हणावेसे वाटते. देण्याआधी ती वस्तू आपल्या लाडक्या माणसाच्या डोक्यावर ठेवून पाहावी. तिथे हात अडखळला, तर ती दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? घेणारा आपल्या नावावर विश्वास ठेवतो आणि डोळे मिटून डोके पुढे करतो. त्या मिटलेल्या डोळ्यांची तरी लाज बाळगू या!